मेश्राम बाबूजींची अमेरिकेतली मतमोजणी

मेश्राम बाबूजी अमेरिकेची संसद आवाज बंद करून पाहतात. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. कामापुरतं येतं त्यांना. एकदा मी भाबडेपणाने रिमोट उचलून आवाज वाढवला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"बोलणं आयकू नका सर, तोंड पाहा. बोलण्यानंच तर माणूस फसवते."

टीव्ही माझा, इंटरनेट माझं, सोफाही माझाच. इतकंच काय, राज्यशास्त्राचा प्राध्यापकही मीच. बालाघाटच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं अमेरिकेची राज्यघटना शिकवतो, तिच्यावर माझ्या नोट्स आहेत आणि त्या पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी झेरॉक्स काढून नेतात. पण शेजारचे हे निवृत्त बाबू माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसले की मी आपोआप विद्यार्थी होतो.

बाबूजी म्हणजे तुळशीराम मेश्राम. जनपद पंचायतीत, म्हणजे महाराष्ट्रात जिला पंचायत समिती म्हणतात तिथे, तेहतीस वर्षं बाबू होते. परसवाडा, लांजी, कटंगी अशी नोकरी फिरली. कुठल्याशा गावच्या सरपंचावर अविश्वास प्रस्ताव आला की साहेब सभेला बसायचे आणि बाबूजी पंचांना, म्हणजे पंचायतीच्या सभासदांना, चिठ्ठ्या वाटायचे, गोळा करायचे, मोजायचे. मतदान गुप्त. पण पेटी उघडायच्या आधीच बाबूजींनी आकडा कागदावर लिहून खिशात ठेवलेला असे, आणि तो चुकत नसे. पुढे पुढे साहेब लोक पेटीआधी त्यांच्या खिशाकडेच बघायचे म्हणे.

त्यांचं शास्त्र साधं आहे. जो पंच उगाच हसतो, त्याचं कधीच ठरलेलं असतं. जो दोनदा पाणी मागतो, तो आपली पार्टी सोडणार. आणि ज्याने चपला दाराकडे तोंड करून काढल्या, तो मत देऊन पळणार, म्हणजे कोणाला तरी फसवणार. अमेरिकेतले सभासद बूट घालूनच सभागृहात बसतात, याचं बाबूजींना मनापासून वाईट वाटलं.

"अर्धी विद्या तिथंच बाद झाली ना सर!"

आता बालाघाटच्या माणसाला अमेरिकेच्या मतांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांची एकुलती एक मुलगी विशाखा तिथे असते. नागपुरात शिकत असताना तिने एका पंजाबी मुलाशी लग्न ठरवलं. बाबूजींनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. लग्नाच्या दिवशी ते परसवाड्याला सभेत चिठ्ठ्या मोजत होते. रजा मिळाली असती. त्यांनी मागितली नाही. त्यानंतर मुलीचं सगळं कळायचं ते तिच्या आईकडून, म्हणजे आमच्या काकूंकडून. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि तेही बंद झालं.

विशाखाच्या मुलीला, पीहूला, जन्मतःच हृदयाचं दुखणं आहे. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं होतं. जावई स्वतःची टॅक्सी चालवतो, तेव्हा मालकाने विमा काढून द्यावा अशी सोय नाही. तिथल्या एका कायद्याने विमा कंपन्यांना आधीपासून आजारी असलेल्यांनाही नाही म्हणता येत नाही. त्याच कायद्याच्या जोरावर पीहूला विमा मिळाला होता. आणि तिथल्या दोन पार्ट्यांपैकी एकीने तो कायदा रद्द करायचा चंगच बांधला होता. दुसरी तो राखायला कंबर कसून उभी. कायदा गेला तर पीहूचं दुसरं ऑपरेशन अडणार, इतकी सरळ गोष्ट होती.

तेव्हा विशाखाचा फोन आला. काकू गेल्यानंतरचा पहिला.

"बाबा, मी विशाखा. कायदा रद्द करायचं बिल येऊन राह्यलं इथं. तुमाले तोंड पाहून समजते ना? पाहून सांगता काय, किती मतं पडतीन?"

कसे आहात नाही, बरी आहे नाही. दुसऱ्या दिवशी बाबूजी वही घेऊन माझ्या दारात उभे होते.

पुढचे दोन महिने मी जे पाहिलं, त्याने माझी पदवी मला जड झाली. वरच्या सभागृहात शंभर सभासद. बाबूजींनी एकाचंही नाव पाठ केलं नाही, सगळ्यांना आपल्या जिल्ह्यातली नावं दिली. एक झाला 'कटंगीवाले पाटील', एक 'राशनवाले गुप्ताजी', एक निळ्या कोटातली बाई झाली 'हेडबाई'. गुप्ताजी कॅमेऱ्यासमोर छातीवर हात ठेवून बिलाच्या बाजूने तावातावाने बोलत होते, तेव्हा मी म्हटलं, हे मत तर पक्कं. बाबूजींनी वहीत फुली मारली.

"यायचं काही खरं नाही. किती हात हलवून राह्यले पाहा. ज्याले मत द्याचं असते तो इतकी मेहनत नाही करत."

आठवड्याभरात गुप्ताजी फुटल्याची बातमी आली. मी नोट्समध्ये काय दुरुस्ती करावी या विचारात पडलो.

एकाच गोष्टीने बाबूजी हैराण झाले होते. मतदान तोंडावर आलं तरी कुठल्याच पार्टीने आपले सभासद बोलेरोत घालून कान्हाच्या जंगलातल्या एखाद्या रिसॉर्टवर नेऊन ठेवले नव्हते. "असे उघड्यावर सोडून देल्ले! रात्रीतून कोणी उचलून नेलं तं?" मी त्यांना तिथल्या लोकशाहीच्या परंपरा समजावून सांगू लागलो. ते माझ्याकडे दयेने बघत राहिले.

ही गोष्ट चौकातल्या चहाच्या टपरीवर पोचली तेव्हा गावातल्या दोन्ही पार्ट्यांच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला: त्यात आपली पार्टी कोणती? मग कायद्याचं राहिलं बाजूला, आपल्याकडचं फुकट उपचारांचं दवाखान्याचं कार्ड कोणी आणलं यावर दोन गट पडले आणि एक कप फुटला. कोणीतरी बाबूजींनाच विचारलं, तुम्ही कोणाचे? "मी मोजणाऱ्यायचा," ते म्हणाले आणि चहा संपवून उठले. तेहतीस वर्षांत त्यांनी स्वतःचं मत घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

रोज संध्याकाळी फोन यायचा. माझ्यासमोरच बोलणं व्हायचं, कारण वही माझ्या टीपॉयवर असायची, आणि फोन स्पीकरवर.

"किती बाबा?"

"अठ्ठेचाळीस राखणारे. दोन डळमळीत."

"काल तं एकच होता."

"हेडबाईनं आज दोनदा पाणी मागतलं."

"बरं. ठेवू?"

"हौ."

संपलं. पण फोनच्या तासभर आधी बाबूजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. व्हिडिओ कॉल नव्हता, साधा फोन होता.

मतदान ठरलं ते आपल्या सकाळच्या अकराला, म्हणजे तिथल्या मध्यरात्रीनंतर. मी कॉलेजात रजा टाकली. बाबूजींच्या वहीत पन्नास राखणारे आणि एकोणपन्नास रद्द करणारे झाले होते; शेवटचं मत बिलाला गेलं तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर सभापतीचं मत बिलाकडे जाणार होतं. एक माणूस उरला होता. उंच, वयस्क, दोन्ही हात कोटाच्या खिशात. हसत नव्हता, पाणी पीत नव्हता, कोणाकडे बघत नव्हता. बाबूजी टीव्हीच्या इतके जवळ जाऊन बसले की मला सभागृहाच्या जागी त्यांचं टक्कलच दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी विशाखाचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"बाबा, काय होईन?"

बाबूजींनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कायदा राह्यते. एका मतावर. लिहून घे अन् झोप आता."

"पक्का?"

"मी कधी चुकलो काय? झोप."

फोन ठेवल्यावर मी आनंदाने म्हटलं, "म्हणजे तो उंच माणूस कळला तुम्हाला!"

"कुठचा कळते सर." त्यांनी वही मिटून टीपॉयवर ठेवली. "त्याच्या तोंडावर काहीच नाही. नोकरीत एकही आकडा मी अंदाजानं नाही सांगतला. आज पहिल्यांदा सांगतला. पोट्टीले घेऊन सकाळी दवाखान्यात जाचं आहे तिले. झोप तं पायजे ना."

मी त्यांना एवढं मोठं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. पेट्या उघडण्याआधी खिशात ठेवलेले ते सगळे खरे आकडे एका बाजूला, आणि हा एक आकडा एका बाजूला.

सभागृहातला बाबू नावं पुकारू लागला. उंच माणसाचं नाव आलं. तो चालत पुढे आला, खिशातून हात काढला आणि बिलाच्या विरोधात मत देऊन परत फिरला. कायदा राहिला. मी ओरडलो, माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. बाबूजी मात्र त्या नावं पुकारणाऱ्या बाबूकडे बघत होते. "पाहा सर, इतकं झालं तरी त्यानं मान वर नाही केली. पक्का माणूस आहे." मग त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्या संध्याकाळी विशाखाचा दोन शब्दांचा मेसेज आला: 'बरोबर निघालं.' दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी नाही. बाबूजी रोज वेळेवर दाढी करून येत, बंद टीव्हीसमोर बसत, चहा घेऊन जात. आठव्या दिवशी त्यांनी खाली मान घालून विचारलं, "सर, ते लोक दुसरं बिल-गिल आणून राह्यले काय?"

मला आधी हसू आलं, मग कळलं: बिल आलं असतं तर फोन आला असता. त्यांचं त्यांनाही कळलं असावं. "कसा माणूस आहे मी," ते पुटपुटले. "नातीच्या जिवाचा कायदा, अन् मी त्याच्यावर आणखी भांडण मागून राह्यलो."

"तुम्हीच लावा ना फोन," मी म्हटलं.

"काय बोलू? मतं तं सरली."

मी त्यांचा मोबाईल उचलून नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "बाबा? काय झालं? परत आणलं काय बिल?"

"नाही वं माय. बिल नाही, काही नाही. असाच केला."

अख्ख्या सभागृहाची तोंडं वाचणारा माणूस माझ्याकडे असा बघू लागला, की पुढचं वाक्य मीच सांगावं.

"मग बोला ना, बाबा," ती म्हणाली.

बाबूजींनी घसा साफ केला. "जेवली काय तू?"

"बाबा, इथं आत्ता सकाळ झाली." ती हसत होती, की रडत होती, मला कळलं नाही.

"हौ काय? मग चहा? चहा तरी घेतला काय?"

मी उठून अंगणात गेलो. अर्ध्या तासाने आत डोकावलो, तर ते अजून बोलत होते.