मागच्या सीटवरची कढी

माणसाची अपेक्षा आणि इंजिनाचा सिलिंडर, दोन्ही ठरावीक मर्यादेपर्यंतच बोअर करता, म्हणजे आतून कोरून रुंद करता येतात. त्यापुढे भिंत पातळ होते. याच तत्त्वावर हेमराजनानांनी नंदुरबारात गॅरेज चालवलं, आणि गेल्या हिवाळ्यात नाना गेल्यापासून त्यांची मुलगी रुचिका चालवते.

जादा ताकदीचं इंजिन मागणाऱ्यासाठी कार्यपद्धती ठरलेली आहे. गिऱ्हाइकाने घरातल्या ज्येष्ठ बाईला सोबत आणावं (सासू चालते). बाईंनी कढीचं पातेलं मांडीवर घेऊन मागे बसावं. झाकण नामंजूर. चाचणीत कढी सांडली, तर आहे ती ताकद पुरेशी समजून मागणी निकाली निघते. शंभरातले नव्वद जण पातेलं पाहूनच माघार घेतात. उरलेल्या दहांच्या घरच्या बाईंची फक्त लुगडी धुवावी लागतात.

धानोऱ्याच्या भाग्येशला जीपमध्ये तीनशे घोडे हवे होते. गावातल्या दोन गतिरोधकांमध्ये एका घोड्याला खिंकाळायलाही जागा नाही, हा मुद्दा त्याने विचारात घेतला नव्हता.

"मन्हा चुलतभाऊ पुढे निघी जास, ताई. इंजिन खोला, आखो बोअर करा."

अडचण एवढीच, की ते नानांनी बांधलेलं शेवटचं इंजिन होतं. आणखी बोअर केलं तर ब्लॉक तडकणार. ते वाचवायचं, तर नानांनी कधी पळवलं नव्हतं तसं पळवून भाग्येशला घाबरवणं भाग होतं. त्यातही फुटण्याची शक्यता होतीच (जोखीम व्यवस्थापन म्हणतात ते हेच).

भाग्येश रुचिकाशेजारी बसला, त्याची आई धनुबाई पातेलं घेऊन मागे बसल्या. रुचिकाने अ‍ॅक्सिलरेटर तळाशी नेला. इंजिन नानांसारखंच आधी खाकरलं, मग मोकळं झालं. रस्त्याकडेच्या पथारीवर वाळत घातलेल्या मिरच्या उडाल्या. राखणदार शिंकत मागे राहिला. रुचिकाला हसू आवरेना.

जीप थांबली. पातेलं रिकामं, लुगडं कोरडं.

"कढी कोठे गई, मावशी?"

"सांडाना आधीच पी लिधी. आखो घोडा टाक, बाई. जाऊबाईनी गाडी मागे पडाले पायजे."

कढी पिण्याबाबत कार्यपद्धतीत तरतूद नव्हती.

तेवढ्यात भाग्येश उतरला, रस्त्याकडेला उकिडवा बसला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "ताई, जशी शे तशी ऱ्हाऊ द्या."

मागणी निकाली निघाली. इंजिन चालूच होतं. रुचिकाने ते बराच वेळ बंद केलं नाही. उतरून नुसती ऐकत उभी राहिली. (दरम्यान धनुबाई स्टिअरिंगपुढे जाऊन बसल्या. त्यांची मागणी स्वतंत्रपणे विचाराधीन आहे.)

इंजिन फुटणार या अपेक्षेने जे वाचक इथवर आले, त्यांनाही हीच कार्यपद्धती लागू आहे. आईला घेऊन यावं. कढी घरून आणावी.