बारा घरं, एक सांबारं

गच्चीवर बारा पातेली होती. प्रांजलने एकेक झाकण उचलून पाहिलं. बाराही पातेल्यांत काळ्या वाटाण्याचं सांबारं! वडे नाहीत, भात नाही, सोलकढी नाही, गोडाचं तर नावच नको.

घाटकोपरच्या त्या इमारतीच्या वर्धापनदिनाला प्रत्येक घराने एक पदार्थ करायचा होता. कुणी काय करायचं, ते प्रांजलने 'जावा' या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर कळवलं होतं. हे नीट पार पडलं तर सेक्रेटरी भाऊराव सोसायटीची रिकामी खोली तिला कोडिंगच्या क्लाससाठी देणार होते. चूक वेळेत कुणाच्याच लक्षात आली नाही. कारण इथे शेजारणीला 'आज काय शिजतंय?' असं विचारणं म्हणजे तिच्या मसाल्यावर डोळा ठेवणं.

"काय गो ह्या?" भाऊराव गरजले. "खोली विसर आता!"

प्रांजलने लॅपटॉप उघडला आणि थोड्याच वेळात ती किंचाळली, "सापडलं! काका, मी 'पदार्थ'च्या आधी स्टॅटिक लिहिलं!"

"म्हणजे?"

"प्रत्येक घराला स्वतःची पाटी द्यायची, तर मी सगळ्यांना मिळून जिन्याखाली एकच फळा लावला. नवा पदार्थ लिहिला की आधीचा पुसला. शेवटचं होतं कुंदाकाकूंचं सांबारं. तेच सगळ्यांना गेलं. स्टॅटिक काढलं की झालं!"

"झालं काय? लोक खाणार काय?"

प्रांजलचा भाऊ नितेश पाव आणायला धावला. पावाबरोबर बारा घरची सांबारी चाखली गेली आणि गच्ची पेटली.

"कुंदा, खोबरं भाजलंस की नुसतं गॅसला दाखवलंस?" सुलक्षणाने टोमणा मारला.

"तुझे वाटाणे बुडतायत गं, आधी त्यांना वाचव!"

"मतं घेऊया!" प्रांजलचे डोळे चमकले. "घरटी एक मत, गुप्त. मोजायचा प्रोग्राम मी लिहिते. बरोबर आला तर खोली?"

"आणि चुकला तर सगळी पातेली तू घासायची," भाऊराव म्हणाले.

या वेळी प्रांजलने प्रत्येक पातेल्याच्या मतांना स्वतंत्र जागा दिली. स्टॅटिक कुठेही नाही, हे तिने पुन्हा पुन्हा तपासलं. घरागणिक एकेकाने येऊन बटण दाबलं. निकाल आला: प्रत्येक सांबाऱ्याला एक मत.

"वाट लागली! परत सगळ्यांना सारखंच!"

"नाही हो काका! स्टॅटिक असतं, तर सगळी मतं एकाच फळ्यावर पडून प्रत्येकापुढे बारा आलं असतं. हे खरंच एकेक आहे!"

भाऊरावांना पटेना. ते घरोघरच्या माणसांना गाठून विचारू लागले. "सुलक्षणा, खरं सांग. मत कोणाला दिलंस?"

"माझं सांबारं समोर असताना दुसऱ्याला कशाला देऊ?"

अकरा घरांनी हेच उत्तर दिलं. बारावं घर भाऊरावांचं होतं. त्यांनी खोलीची किल्ली प्रांजलच्या हातावर ठेवली.