अठरा व्होल्टचे जावईबापू

पिवळी चिठ्ठी. तीन पायऱ्या. अंगणभर वाळलेली पानं. सासूबाईंचा नवा गुडघा, डावा. भिंतीतली चार भोकं, अजून न पडलेली.

जावईबापूंनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "आई, तुम्ही दवाखान्यातून याल तेव्हा पायऱ्यांना कठडा लागलेला असेल." आणि आई पाच वाजता थेट लेकीकडेच येणार होत्या. दाराबाहेर प्लग नव्हता, म्हणून आदल्या दिवशी बिनवायरीचं ड्रिल आणलं. दुकानदार म्हणाला, "याच बॅटरीवर पानं उडवायचा ब्लोअरही चालतो." एका यंत्रावर बॅटरीचं मन कसं रमणार, असं जावईबापूंना वाटलं. ब्लोअरही घरी आला.

सकाळी आधी ब्लोअरच निघाला. "कठड्याचं काय, दहा मिनिटांचं काम!" पानं भुर्रकन उडाली, अंगण आरशासारखं झालं. मग कुंपणावर शेजारच्या काकांचं डोकं उगवलं.

"कचरा मिळाला हो. पोच द्यायला आलोय."

काकांचं अंगण झाडून देईपर्यंत दुपार झाली. मग ड्रिल भिंतीला लागलं. घर्रर्र. धूर निघाला, वास आला, भिंत तेवढी गुळगुळीत झाली. भोक पडेना.

"अहो, पॉलिश करताय का?" बायकोनं विचारलं.

"भिंत खमकी आहे."

"खमकं माणूस अजून यायचंय. मी आईला आणायला जाते. तोवर भिंतीशी काय ती तडजोड करा."

जावईबापूंनी अंगातलं सगळं वजन ड्रिलवर टाकलं. ड्रिलनं एक उसासा सोडला आणि मान टाकली. बॅटरी संपली. त्याच क्षणी फाटकाशी टॅक्सी थांबली.

सासूबाई वॉकर टेकत पायरीपर्यंत आल्या. पस्तीस वर्षं गावाच्या दाढा कोरलेल्या त्या दातांच्या डॉक्टर. भिंतीवरचे चार काळे ठिपके त्यांनी निरखून पाहिले.

"हे काय, जावईबापू?"

"भोकं, आई."

"याला भोक नाही म्हणत. डाग म्हणतात."

"मी तुम्हाला उचलून आत नेतो ना!"

"मी काय पोतं आहे? खुर्ची आणा. आणि ते यंत्रही."

पाऊण तास बॅटरी आत चार्जरवर आणि माणसं बाहेर अंगणात. काकांनीही आपली खुर्ची आणली. असा खेळ कोण सोडतो? शेवटी हिरवा दिवा लागला. सासूबाईंनी चष्मा लावला, ड्रिल हवेतच एकदा फिरवलं, टोकाकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

"अहो, हे उलटं फिरतंय! दुपारभर तुम्ही भिंत कोरत नव्हतात, तिची समजूत काढत होतात." अंगठ्यानं त्यांनी ड्रिलच्या घोड्यावरचं, दिशा बदलायचं बटण पलीकडे सारलं. "घ्या. रेटू नका. थोडं कोरायचं, थांबायचं, पुन्हा कोरायचं. घाई केली की पेशंट ओरडतो."

काकांनी नकळत गालाला हात लावला.

"तुमचा नंबर नंतर," सासूबाई म्हणाल्या.

लोण्यात पडावीत तशी भिंतीत चार भोकं पडली. बोल्ट आवळले गेले, कठडा बसला. सासूबाईंनी तो एकदा गदागदा हलवून पाहिला आणि चढू लागल्या. मागे जावईबापू, दोन्ही हात पसरून, श्वास रोखून. एक. दोन. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या.

"महिनाभर जो तो मलाच धरत होता," त्या कठड्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "आज मी कशाला तरी धरलं. उपकार झाले हो तुमचे."

"आई, बटण तर तुम्ही..."

"बटण काय कुणीही दाबतं. कठडा लावायचं तुम्हाला सुचलं."

जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीची धूळ गेली, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

'भोक पाडण्याआधी बटण उजवीकडून दाबा', असं दुकानदारानं ठळक अक्षरांत लिहून दिलेली पिवळी चिठ्ठी सकाळी साडेदहालाच पानांबरोबर काकांकडे उडून गेली होती.