दूतराज नामे प्रथिन आणि त्याची काळी पट्टी

श्री काचनळी प्रसन्न. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगास आणि शीतपेटीच्या घरघरीस नमन करून, घडले तेवढेच लिहावे आणि लाज वाटली तरी लिहावे, ऐसा नेम धरून हा मजकूर लिहिला असे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी एका राज्यात, ज्याचे नाव घेणे सोयीचे नाही, दिगंबरराव वाघचौरे नामे शास्त्रज्ञ गादीवर होते. राज्य म्हणजे काय, तर तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, चार शीतपेट्या, एक यंत्र चालू आणि एक यंत्र दुरुस्तीस. परंतु रुबाब पाहावा तर चक्रवर्तीचा. त्यांचे पराक्रमाचा विषय पेशी. पेशी म्हणजे एक किल्ला. तटावर पहारेकरी. बाहेर उपासमार पडली की पहारेकऱ्याने एका प्रथिनास खबर द्यावी आणि त्याने दुसऱ्यास द्यावी आणि ऐसी हातोहात ती खबर गाभ्यातल्या सदरेवर पोचावी आणि मग सदरेवरून हुकूम सुटावा. ही खबर नेणारा मुख्य जासूद आपणांस गवसला, ऐसा डंका दिगंबररावांनी अठरा वर्षांमागे, शके १९२८ व्ययनाम संवत्सरी, वाजविला आणि त्या प्रथिनाचे नाव दूतराज ठेविले.

गवसला कसा, तेही ऐका. प्रथिन डोळ्यांस दिसत नाही. त्यास हुडकण्यास अँटिबॉडी सोडावी लागते. ती आपल्या प्रथिनास जाऊन चिकटते आणि एक्स-रेच्या फिल्मेवर काळी पट्टी उमटते, मोठ्या प्रथिनाची वर आणि लहानाची खाली. दिगंबररावांची अँटिबॉडी सशाच्या रक्तातून काढिलेली, आणि ती त्यांचे गुरू, थोरले आचार्य वऱ्हाडपांडे, यांनी लहानशा नळीत घालून, वर स्वहस्ते चिठ्ठी चिकटवून, "जा, नाव काढ" म्हणून दिली. गुरूची नळी तपासून पाहावी ऐसा त्या राज्यात रिवाज नाही. तपासणे म्हणजे गुरूस खोटा म्हणणे. मग दिगंबररावांनी पेशी उपाशी ठेविल्या, पट्टी काळीभोर उमटली. पेशी जेवविल्या, पट्टी फिकी जाहली. फत्ते! फिल्मेवर वरचे अंगास आणखी एक पुसट पट्टी आगंतुकासारखी उभी होती. तिचे काय करावे? तर सर्वच राज्यांत जे करितात तेच केले: वरचा भाग कापून टाकिला, काळी पट्टी तेवढी चौकटीत बसविली आणि निबंध छापिला. मग काय विचारता! व्याख्याने जाहली, शाली पडल्या, नारळ तर इतके जमले की घरी खोबऱ्याची वडी पाहून मंडळी तोंड फिरवू लागली. एकवीस जण दूतराजावर डॉक्टर जाहले. एकास तो मधुमेहात दिसला, एकास कर्करोगात, आणि एकास बटाट्यात. बटाटेवाला तो हे लिहिणारा. पट्टी उमटत होती. आम्हीही टाळ्या घेत होतो.

बाविसावी नसीमा मुजावर, मिरजेची. सहा वर्षे राबून प्रबंध तयार केला आणि शेवटले प्रकरण तेवढे उरले. त्यासाठी तिने नव्या विद्येने पेशीतले ते जनुकच कातरून टाकिले, ज्याच्या हुकुमाने दूतराज निर्माण होतो. जनुक नाही म्हणजे दूतराज नाही, आणि दूतराज नाही म्हणजे पट्टी नाही. इतके शेंबड्या पोरासही कळावे. ऐसियास तिने अँटिबॉडी सोडिली आणि पाहते तो काय, काळीभोर पट्टी जागच्या जागी हजर! मग ती फिल्म घेऊन दिगंबररावांच्या सदरेवर आली.

"सर, एक दाखवू? रागवणार नाही ना?"

दिगंबररावांनी फिल्म पाहिली आणि म्हणाले, "तुझा हात वाईट आहे. परत कर."

तिने परत केले. पट्टी हजर. तिसऱ्यांदा केले. पट्टी हजर. दिगंबरराव गरजले, "हात वाईट म्हणजे किती वाईट असावा गं!"

तेव्हा नसीमा बोलली, "सर, हात वाईट असता तर पट्टी आलीच नसती. ही तर जाता जात नाही."

हे उत्तर ऐकून दिगंबररावांस क्रोध आला आणि त्या क्रोधात त्यांनी प्रतिज्ञा केली की हा प्रयोग मी स्वतः करून दाखवितो. नऊ वर्षे त्यांनी पिपेटास, म्हणजे थेंब मोजून उचलणाऱ्या नळीस, हात लाविला नव्हता; हात होता तो सह्या करण्यास. पांढरा कोट चढविला तो बटणे पोटावर मिळेनात. मग पिपेटास प्लास्टिकचे टोक लाविल्यावाचूनच बाटलीत बुडविले. नसीमा हळूच म्हणाली, "सर, टोक." दिगंबरराव म्हणाले, "माहितेय. बघत होतो तुझं लक्ष आहे का." तिने नळ्यांवर नुसते आकडे घातले होते, कोणती कातरलेली पेशी आणि कोणती धड हे त्यांस कळू नये म्हणून. दोन दिवस कंबर मोडून काम केले. फिल्म निघाली. फिल्मेच्या सहाच्या सहा घरांत काळी पट्टी, कातरलेल्या पेशींच्याही. अठरा वर्षे ज्यास दूतराज म्हणून मुजरे घातले ते भलतेच कोणी प्रथिन होते, आणि अँटिबॉडी त्यासच मिठ्या मारीत होती.

दिगंबरराव स्टुलावर बसले. परंतु नसीमाचे बोट वरचे अंगास गेले. तेथे एक पुसट पट्टी. धड पेशींत आहे आणि कातरलेल्या पेशींत नाही. "सर, खरा दूतराज हा. आपण दरवेळी कापत होतो तो." मग दिगंबररावांनी कपाटातून शके १९२८ ची मूळ फिल्म काढिली, न कापलेली, आणि उजेडात धरून बघत राहिले. पुसट पट्टी तेथेही होती, आणि पेशी उपाशी असो की जेवलेली, तिच्यात तसूभर फरक नव्हता.

"म्हणजे हा खबर नेतच नाही?"

"नाही सर. नुसता बसून असतो."

"म्हणजे माझ्यासारखाच की," दिगंबरराव बोलिले, आणि नसीमास हसावे की न हसावे हे कळेना.

आता पेच ऐसा की अकरा दिवसांनी दिगंबररावांस जीवनगौरव मिळावयाचा होता, तो दूतराजाबद्दलच. नसीमाच्या प्रबंधावर सही करावी तर अठरा वर्षांचे नाव मातीत. न करावी तर पोरीची सहा वर्षे मातीत. मसलतीसाठी आचार्यांस फोन लाविला. आचार्य म्हणाले, "काय करून राहिला रे तू दिगंबर? बक्षीस तं घेऊन घे आधी. त्या पोरीले दुसरा विषय देऊन टाक."

"सर, नळी तुमची होती. तुम्ही कधी तपासली होती?"

मग आचार्य म्हणाले, "माह्या सरांनी देल्ली होती बाप्पा." आणि फोन ठेविला.

मग दिगंबररावांनी नसीमास उद्या ये, परवा ये, ऐसे चार वेळा परतविले, हेही लिहिणे प्राप्त आहे. ते कोणी हरिश्चंद्र नव्हते. पाचव्या वेळी ती म्हणाली, "सर, नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा. मिरजेला अम्मीला काय सांगू, सर रोज उद्या म्हणतात?" तेव्हा त्यांनी दौलतीचा विचार सोडिला आणि उभ्या उभ्या सही केली, आणि सही वाकडी आली.

पुढे सोहळा जाहला. सभागृह भरले, शाल पडली, आणि दिगंबररावांनी भाषणाचे जागी ती मूळ फिल्म पडद्यावर लाविली, अखंड, आणि म्हणाले, "मंडळी, अठरा वर्षं ज्याची पालखी नाचवली तो देव नव्हता. देव वर कोपऱ्यात उभा होता, त्याला मीच कापला. नसीमा मुजावर यांनी तो दाखवला. निबंध मागे घेतोय. ही शाल परत घ्या, नारळ तेवढा ठेवतो, फोडायला कपाळ माझंच आहे." कोणी हसेना. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. मग चहाचे रांगेत मात्र एकेक मोठा सरदार दिगंबररावांचे कानाशी येऊन पुटपुटे, "वाघचौरे, त्याच सशाची नळी आमच्याकडेही आहे हो." दिगंबरराव विचारीत, "तपासणार?" तर उत्तर एकच, "बघू." हे लिहिणाराही त्या रांगेत होता. समोसा खाऊन परतला.

त्यानंतर नसीमाची तोंडी परीक्षा जाहली. परीक्षक दूरदेशीचे, फार कडक. त्यांनी विचारिले, "ही चूक मुळात केली कोणी? तुमच्या प्रबंधात नाव कसं नाही?" सहा वर्षे ज्यांस सर म्हटले त्यांचे नाव नसीमाच्या जिभेवर येईना. तेव्हा मागल्या बाकावरून दिगंबररावांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला आणि म्हणाले, "तिनं लिहिलं होतं साहेब, सही करताना मीच खोडायला लावलं, भीती वाटली म्हणून. आता लिहून घ्या. वाघचौरे. दिगंबर. मधे तुकाराम." नसीमाने लेखणी घेतली आणि परीक्षकांदेखत समासात नाव लिहिले आणि परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारिला.

एकंदर हकिकत इतकी: निबंध मागे गेला, गादी गेली, दोन खोल्यांपैकी एक राहिली, आणि नसीमाबाई डॉक्टर जाहल्या. खरा दूतराज पेशीत बसून काय करितो हे अद्याप कोणासही ठाऊक नाही. दिगंबररावांस तर मुळीच नाही, आणि तसे ते आता विचारणाऱ्यास सांगतात.