खोडव्यांच्या सुनेतला राक्षस

मुलांनो, एका जंगलात एक राक्षस राहत होता. जंगल कुठलं ते विचारू नका. आता तिथे प्लॉट पडलेत.

राक्षसाचं नाव करालदंष्ट्र. नाव मोठं, राक्षस बेताचा. त्याची आई त्याला करू म्हणायची.

एके सकाळी जंगलात पिवळी यंत्रं आली. त्यांनी करूचा वड उपटला. मग करवंदाच्या जाळ्या उपटल्या. मग टेकडीच उचलून नेली. करूनं यंत्रासमोर उभं राहून जोरात गर्जना केली. पण यंत्र चालवणाऱ्याच्या कानात गाणी चालू होती. करूचा घसा बसला, आणि घरही गेलं.

मग तो जवळच्या गावात आला. राक्षसाला गावात राहायचं तर माणसाच्या आत राहावं लागतं. उघड्यावर कुत्री फार त्रास देतात.

करू जागा शोधू लागला. आधी तो एका नगरसेवकाच्या तोंडात डोकावला. आत अगोदरच कुणीतरी राहत होतं. त्यानं करूच्या तोंडावर दार लावून घेतलं.

मग त्याला मंदाकिनी दिसली. रंगाचं दुकान चालवणाऱ्या मुकुंद खोडव्याची ही बायको. ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. सासूबाई म्हणाल्या, आमटीत मीठ कमी आहे. ती गप्प. मुकुंद म्हणाला, जास्त आहे. सासऱ्यांनी नुसती वाटी बाजूला सरकवली. तरी ती गप्प.

"किती शांत बाई!" करू मनात म्हणाला. "हिच्या आत जागाच जागा असणार."

मंदाकिनीला जांभई आली, आणि करू आत शिरला.

शिरला आणि फसला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न झाल्यापासून मंदाकिनीनं जे जे बोलायचं टाळलं होतं, ते सगळं तिथे रचून ठेवलेलं होतं. जमिनीपासून छतापर्यंत वाक्यंच वाक्यं. काही नीट घडी घातलेली, काही धूर बसून काळी पडलेली, काही अजून गरम.

"कोण आहे?" मंदाकिनीनं मनातल्या मनात विचारलं.

"मी राक्षस," करू अंग चोरून म्हणाला.

"चपला बाहेर काढल्यात ना?"

"घालतच नाही मी. पाय उलटे आहेत."

"मग पुसून या. आणि कशाला हात लावू नका. कोसळेल सगळं."

करू कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला. दोन दिवस बिचारा हललासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी घरात पाहुणे आले. मुकुंदच्या धाकट्या बहिणीला, शैलाला, बघायला. शैला नर्सिंगचं शिकत होती. शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. मुलगा होता प्लॉटवाल्या नानांचा. तो दुपारपासूनच प्यायचा आणि गाडी घेऊन लोकांच्या ओट्यांवर चढायचा. हे गावाला माहीत होतं. खोडव्यांनाही माहीत होतं. पण नव्या घरांना रंग मुकुंदच्या दुकानातून घेऊ, असं नानांनी कबूल केलं होतं. त्यामुळे घरात तो विषय निघत नव्हता.

"मुलगा कसा हसतमुख आहे!" सासूबाई म्हणाल्या.

नेमक्या त्याच वेळी करूच्या पायाला मुंग्या आल्या. त्यानं पाय लांब केला. ढिगातलं एक वाक्य सटकलं, आणि मंदाकिनीच्या तोंडून बाहेर पडलं. आवाज करूचा, बसलेला, घोगरा.

"हसतमुख नाही. प्यायलेला आहे."

नानांच्या हातातला पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला.

"काय म्हणालीस?" मुकुंद ओरडला.

करू घाबरला. वाक्य परत आत ओढायला गेला, तर त्याचा धक्का दुसऱ्याला लागला.

"तुम्हाला बहिणीचं लग्न नाही करायचं. रंग विकायचाय."

मग सगळा ढीगच ढासळला. वरचं खाली आलं आणि खालचं बाहेर.

"मीठ बरोबर असतं. रोज बरोबर असतं. मोरीतली बादली तुम्हालाही उचलता येते. माझ्या वडिलांच्या आजारपणात मला जायचं होतं. तुम्ही जाऊ दिलं नाहीत."

शेवटचं वाक्य फार हळू आलं. पण ते आलं तेव्हा मुकुंदनं मान खाली घातली.

सासूबाई सुनेकडे बघतच राहिल्या. पुरुषी आवाज, लाल डोळे. त्यांनी घाईघाईनं हात जोडले. "अगं बाई, हिच्या अंगात आलंय!"

पाहुणे उठले. नाना दारातूनच म्हणाले, "आधी सुनेला झाडून घ्या. मग साखरपुड्याचं बघू."

मुलांनो, सून बोलली असती तर तिला आत ढकललं असतं. पण हा राक्षस होता. राक्षसाला घरात मान असतो. सासूबाईंनी तिला खुर्ची दिली, कुंकू लावलं.

"काय हवंय आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"चहा," मंदाकिनी म्हणाली. "आणि पंखा."

सासूबाईंनी स्वतः चहा केला. अगदी पांचट झाला होता. पण मंदाकिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच्या हातचा चहा तिनं फार दिवसांनी प्यायला होता.

शैला हळूच तिच्या पायाशी येऊन बसली. "वहिनी, तूच आहेस ना आत?"

"मीच आहे गं. एक भाडेकरू आहे, पण गरीब आहे."

"त्याला जाऊ देऊ नकोस. उद्या देवऋषी येणार आहे. हा गेला की माझा साखरपुडा."

मंदाकिनीनं करूला विनवून पाहिलं. करू ऐकेना.

"नाही बाई," तो म्हणाला. "मी राक्षस आहे. मला माणसं खायची सवय, त्यांचं ऐकायची नाही. ते वडिलांचं वाक्य माझ्या अंगावरून गेलं. मला आज जेवण गेलं नाही."

दुसऱ्या दिवशी कोंडीबा देवऋषी आला. आसपासच्या सगळ्या गावांत त्याचं नाव. आयुष्यभर त्यानं भुतं उतरवली होती. एकही पाहिलं मात्र नव्हतं. त्यानं लिंबं मांडली, मिरच्यांची धुरी केली, मोरपिसांचा झाडू आपटला.

"सोडतोस की नाही हिला?"

"सोडतो, सोडतो!" करू आतून ओरडला, आणि धुरानं डोळे मिटून त्यानं उडी मारली ती थेट कोंडीबाच्या मांडीवर.

राक्षस कुणाला दिसत नाही. पण ज्याच्या मांडीवर बसतो त्याला दिसतो.

"माफ करा हं," करू म्हणाला, आणि उलट्या पायांनी दाराबाहेर पळाला.

कोंडीबा पांढराफटक पडला. त्याच्या हातातला झाडू गळून पडला.

"गेलं का?" मुकुंदनं विचारलं.

मंदाकिनीनं आत चाचपून पाहिलं. आत कुणी नव्हतं. ढीगही नव्हता. सगळं मोकळं, झाडून काढल्यासारखं. आता फक्त "गेलं" म्हणायचं, आणि उठून कणीक मळायची.

तिनं शैलाकडे पाहिलं. शैलानं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

मंदाकिनीनं घसा खाकरला. मदतीला कुणी नव्हतं. घोगरा आवाज तिला स्वतःलाच काढावा लागला.

"जाणार नाही! आणि शैला परीक्षा देणार आहे."

"बुवा, अंगारा मारा ना!" मुकुंद म्हणाला.

कोंडीबानं मंदाकिनीकडे पाहिलं. मंदाकिनीनं कोंडीबाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याला कळलंय, हे तिला कळलं. मघाशी खरा राक्षस मांडीवर बसला होता, त्याची भीती वेगळी. या बाईच्या अंगात काहीच नव्हतं, आणि तरी ती मागे सरत नव्हती. कोंडीबाला तिचीच जास्त भीती वाटली.

त्यानं लिंबं गोळा केली.

"फार जुनं आहे हे," तो म्हणाला. "निघायचं नाही. सांभाळून घ्या. सांगेल ते ऐकत जा."

आणि चहाही न घेता निघून गेला.

नानांनी लग्न मोडलं. मुकुंद महिनाभर फुगून बसला, मग आपणहून बादली उचलू लागला. शैला पास झाली. आता ती तालुक्याच्या दवाखान्यात सुया टोचते. हळूहळू ते लोण आळीभर पसरलं. घराघरांत सुनांच्या अंगात येऊ लागलं. नगरपालिकेनं धूर सोडणारी गाडी फिरवली. उपयोग झाला नाही. डास तेवढे कमी झाले.

करूला शेवटी नानांच्या मुलाच्या आत जागा मिळाली. तिथे मुळीच गर्दी नाही. फक्त वास येतो म्हणून तो कुरकुरतो.

एका दुपारी सासूबाई मंदाकिनीच्या खोलीत आल्या. इकडेतिकडे पाहिलं.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांशी जरा बोलायचंय. लग्नापासूनचं राहिलंय. हे अंगात... कसं आणतात गं?"

"दार लावून घ्या, आई," मंदाकिनी म्हणाली. "बसा इथे. आधी घसा खाकरायचा."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त ते आपण बोलतोय, असं कुणाला कळू देऊ नये.