ल्यूथरची ढगळ पँट

नातीच्या बाप्तिस्म्याला निघालेला ल्यूथर झीगलर डेलावेअर नदीच्या पुलाजवळ आला, सीटबेल्ट सारखा करायला त्याने कमरेकडे हात नेला आणि करकचून ब्रेक दाबला. पिस्तूल कमरेलाच होतं.

पेनसिल्व्हेनियात त्याला कोणी हटकलं नसतं. झाकून पिस्तूल बाळगायचा परवाना पाकिटात होताच. पण पुलापलीकडे न्यू जर्सी, आणि तिथे तो परवाना म्हणजे रद्दी. अलीकडचा सज्जन पलीकडे थेट तुरुंगात. सकाळी चष्मा चढवावा तसं बिचारा पिस्तूल खोचायचा, त्याला ते जाणवतही नसे.

"मागे फीर," त्याची बायको अर्लीन म्हणाली. "आणि उशीर झाला तर बेथनीला तोंड तूच दाखव."

बेथनी म्हणजे त्यांची लेक. तिच्या लग्नाला हा बाप पोचला तेव्हा केक कापून झाला होता. का, तर हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस! त्यानंतर चार वर्षं ती बापाशी हवापाण्यापलीकडे बोलली नव्हती. आणि आता तिनेच आपणहून फोन केला होता, "बाप्तिस्म्याच्या वेळी नोराला तू धर, डॅड. फक्त वेळेवर ये."

अर्लीनची बहीण फर्न नदीच्या अलीकडेच राहायची. ती दारात उभी राहून हसत सुटली, कॉफी घेऊन जा म्हणाली. ल्यूथरने पट्टा, म्यान, पिस्तूल सगळं एका हिसक्यात काढलं, तिच्या तिजोरीत कोंबलं आणि धूम ठोकली.

चर्चच्या पायऱ्या चढताना पँट घसरू लागली, तेव्हा उलगडा झाला. कमरेला पिस्तूल मावावं म्हणून ही पिस्तूलवाली मंडळी पँट दोन नंबर मोठी घेतात. पिस्तूल गेलं, पट्टाही गेला, उरली ती पँट. अर्लीनने पिनेसाठी पर्स उपसली. निघाल्या पेपरमिंटच्या गोळ्या.

"पोट फुगवून धर," ती पुटपुटली.

"मग प्रार्थना कशी म्हणू?"

"म्हणू नकोस."

एका हाताने कंबर धरून तो वेळेवर पुढे पोचला खरा. पण बेथनीने नोराला पुढे केलं, आणि बाळ काही एका हाताने घेता येत नाही. त्याने श्वास कोंडून घेतला. पाद्रीबाईंनी डोक्यावर पाणी घातलं, नोराने भोकाड पसरलं, कळवळून आजोबांचा श्वास सुटला आणि पाठोपाठ पँटही. एक हात काढून सावरता आली असती. त्याने काढला नाही.

पँट घोट्यांशी. आत हरणांची चित्रं असलेली चड्डी.

बेथनीने हरणांकडे पाहिलं. मग बापाच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात नोराखाली घट्ट होते.

"या वेळी हरणांनाच घेऊन आलास," ती म्हणाली. "बरं केलंस, डॅड."

तिचे डोळे भरले होते. ती सगळ्यांसमोर वाकली, बापाची पँट वर ओढली आणि शेवटचं आमेन होईपर्यंत मुठीत धरून त्याच्या शेजारी उभी राहिली.