सभेपुढचा कुकर

श्रमशक्ती ग्राहक भांडाराच्या वार्षिक सभेला चंद्रव्वा बिराजदार आली ती कुकर घेऊन. बाकीच्या सभासदांच्या हातात अहवालाची पुस्तिका होती. तिच्याही हातात होती. पण कुकर अजून गरम असल्यामुळे तिनं ती खाली चुंबळीसारखी धरली होती.

सभा भांडारातच भरली होती. काउंटर भिंतीला सरकवून मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते गव्हाच्या पोत्यांवर बसले होते. सप्टेंबर असूनही सोलापूरचा उकाडा कमी व्हायला तयार नव्हता आणि वरचा एकुलता पंखा हवा देण्याऐवजी नुसता आवाज देत होता. अध्यक्ष आप्पा कोळेकर गिरणी बंद पडल्यापासून या खुर्चीवर होते. दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं, एवढंच त्याचं कारण. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली.

"सरत्या वर्षात आपल्या संस्थेनं सर्वांगीण प्रगती..."

एवढ्यात त्यांच्यासमोर टेबलावर कुकर आदळला.

"ही बगा तुमची प्रगती!" चंद्रव्वानं झाकण उघडलं. "सकाळपास्नं शिट्ट्या वाजवतेय. शेजारची पिंकी इचारायला आली, मावशी, घरात रेल्वे आली का म्हनून. बगा डाळ! जशी घातली तशी हाय!"

"चंद्रव्वा, विषय क्रमांक एक चालू आहे," आप्पा शांतपणे म्हणाले. "तुमची तक्रार ऐनवेळच्या विषयांत घेऊ."

"ऐनवेळेलाच तर नाक कापलं माजं! काल लेकीच्या सासरची मानसं मंद्रूपवरनं जेवायला आलती. पयल्यांदा! इहीनबाईनं आमटीत चमचा फिरवला आन् काय म्हनली ठाव हाय? म्हनली, 'अव्वा, डाळ कच्चीच खायची पद्धत हाय का तुमच्यात?' शिवने, देवा! मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं."

सभेत कुजबुज सुरू झाली. आमचीही शिजत नाही, आमचीही शिजत नाही, असं इकडून तिकडून ऐकू येऊ लागलं. आप्पांनी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण डाळीची खरेदी त्यांनी स्वतः, मुठीमुठीनं पारखून केली होती, आणि त्या डाळीला नावं ठेवलेली त्यांना सोसेनात.

"डाळ एक नंबर आहे," ते म्हणाले. "आता कुणाला शिजवताच येत नसेल, तर त्याला भांडार काय करणार?"

सभेतल्या सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या. बजाबाई गुडघ्यांमुळे वर्षभर कुणासाठी उठली नव्हती, तीही उठली.

"आप्पा, तुज्या बायकूनं इतकी वर्सं आयतं ताटात वाढलं, म्हनून ही जीभ चालतीया व्हय रं?"

आप्पांनी आधारासाठी मागच्या रांगेत बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "आपल्या घरी तरी कुठं शिजतीय? मी मिक्सरमधनं फिरवून वाढते तुमाला. तुमची डाळ म्हणून गप बसले."

हे ऐकून आप्पांचा चेहरा पडला आणि सभेचा आवाज चढला. पैसे परत द्या, राजीनामा द्या, आधी माफी मागा, अशा तिन्ही मागण्या एकाच वेळी येऊ लागल्या. शेवटी टेम्पोवाले गैबीसाब पोत्यावर उभे राहिले. ते रस्त्यापलीकडच्या वस्तीत राहायचे, पण भांडाराचे जुने सभासद.

"अरे भांडता कशाला? हितंच शिजवा की, समद्यांसमोर. दूध का दूध, पानी का पानी!"

ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या दिवशी एकमतानं झालेली ही पहिलीच गोष्ट.

व्यवस्थापक जोतीरामनं चहाची शेगडी पुढं आणली आणि पेटवायला भांडाराच्या फळीवरचा कोरा लायटर घेतला. लायटर नुसताच कटकट वाजला. दुसरा घेतला. तोही वाजला.

"हाच मी संक्रांतीला नेला होता!" एकजण ओरडला. "परत आणला तर हा जोतीराम म्हणतो, अंगठ्यात जोर पाहिजे! दाखव तुझा जोर!"

जोतीरामनं काडेपेटी घेतली. काडी ओढली की गूल गळून पडायचं. शेवटी कुणीतरी खिशातला विडीचा लायटर दिला तेव्हा शेगडी पेटली. आता कुकरचा प्रश्न आला. आपला कुकर वापरू द्यायला चंद्रव्वा तयार नव्हती. "उद्या म्हनाल, कुकरच खराब होता." म्हणून जोतीरामनं वरच्या फळीवरचा नवा कुकर काढला. त्याची मूठ जोतीरामच्या हातात राहिली आणि कुकर बजाबाईच्या पायाशी पडला.

"हे... हे फक्त दाखवायला ठेवलेलं आहे," जोतीराम म्हणाला.

"सगळं भांडारच दाखवायला ठेवलंय!" मागून आवाज आला, आणि ज्यांना अजून राग आला नव्हता त्यांनाही आला.

बजाबाईच्या घरून कुकर आला. जोतीरामनं सर्वांसमक्ष पोतं फोडून डाळ घेतली, मागच्या पिंपातलं पाणी घेऊन ती धुतली, त्याच पाण्यात शिजायला लावली. हळद बजाबाईनं घातली, मीठ कुणालाच घालू दिलं नाही. मग शिट्ट्या होईपर्यंत सभा पुढं चालू करायचं ठरलं.

आप्पा वाचू लागले. पण अहवाल आणि कुकर यांचं जमेना. "संचालक मंडळाच्या अथक परिश्रमांमुळे..." म्हटलं की शिट्टी. "सभासदांच्या विश्वासास पात्र..." म्हटलं की शिट्टी. किती शिट्ट्या झाल्या यावरून दोन गट पडले. अशा गोंधळात आप्पांनी विषय क्रमांक चार घाईघाईनं वाचून टाकला: विक्री घटत चालल्यामुळे भांडार बंद करून गाळा मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं देणे.

या वेळी शिट्टी झाली नाही. त्यामुळे सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"भांडार बंद?" चंद्रव्वाचा आवाज एकदम खाली आला, आणि तो चढ्या आवाजापेक्षा भयंकर होता. "गिरनी बंद पडली तवा हितल्या बायकांनी एकेक शेअर घेऊन हे उभं केलं. माज्या सासूनं पाटल्या मोडल्या. आन् तुमी मोबाइल इकनार हितं?"

"मग खरेदी करायला या ना! सगळे त्या मॉलमध्ये जाता, आणि इथं फक्त भांडायला येता!"

"डाळ शिजंना तर भांडायलाच येनार की!"

तेवढ्यात कुकरनं जोरात शिट्टी दिली आणि "आता बास!" असं दोन्ही गट एकदम ओरडले. झाकण उघडलं. सभा खुर्च्यांवर चढून पाहू लागली. पिवळ्या पाण्याच्या तळाशी डाळ सुटीसुटी, टणक आणि जशीच्या तशी बसली होती. आप्पांनी एक दाणा चिमटीत धरून दाबला. तो सुटला आणि जोतीरामच्या चष्म्यावर टण्णकन आपटला.

पुढची काही मिनिटं आरडाओरड्यात कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग आप्पांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर फेकला.

"घ्या! चालवा तुमचं तुम्ही! खोबरं महाग, मला शिव्या. पोहे जाड, मला शिव्या. पाऊस पडला नाही तरी लोक माझ्याकडं बघतात! स्वतःच्या घरात मिक्सरमधली डाळ खातोय मी आणि मला पत्ता नाही!" त्यांचा आवाज फाटला. चष्मा पुसण्याच्या निमित्तानं त्यांनी डोळे पुसले आणि ते चपला शोधायला दाराकडं गेले. बाकीचे संचालकही संधी साधून उठले.

"चंद्रव्वाला अध्यक्ष करा!" बजाबाई गरजली.

"अनुमोदन! अनुमोदन!"

चंद्रव्वाच्या मनात नाही म्हणायचं होतं. पण इतक्या रागात असताना नाही म्हणणं तिला कमीपणाचं वाटलं. "करा की! भिते का काय मी?" ती म्हणाली, आणि झाली. लगेच तिनं पहिला हुकूम सोडला. "ही डाळीची पोती उचला आन् रस्त्यावर न्हेऊन टाका."

"टाकू नका! आमाला द्या!" गैबीसाबांच्या शेजारून त्यांच्या पत्नी खातूनबी उठल्या. "रोज आमच्या घरात हीच डाळ शिजते. लोण्यावानी होते."

"खातूनबी, आत्ता डोळ्यांनी बगितली की तुमी."

"मग? झूट बोलते क्या मैं?" खातूनबींनी पदर खोचला. आपल्या स्वयंपाकावर शंका घेतलेली त्यांनाही सोसण्यासारखी नव्हती. "लाओ वो कुकर इधर! मी शिजवते."

पुन्हा डाळ घेतली. जोतीराम पिंपाकडं गेला, तर तळ दिसत होता. झाडूनपुसून सगळं पाणी पहिल्या डाळीला लागलं होतं. म्हणून सभासदांना प्यायला मागवलेल्या जारचं पाणी कुकरमध्ये ओतलं. या वेळी शिट्ट्यांवरून कुणी वाद घातला नाही. भूक लागली होती. खातूनबींनी हातानंच थांबा अशी खूण करून शेगडी बंद केली, वाफ जाऊ दिली आणि झाकण उघडून पळी फिरवली.

डाळ दिसेचना. नुसता पिवळा, दाट, मऊ गोळा, आणि त्याच्या वासानं पुढची रांग हळूहळू आणखी पुढं सरकली.

खातूनबींनी पळी कुकरच्या कडेवर आपटली.

"मघाशी पानी कुठलं घातलं होतं?" खातूनबींनी विचारलं.

"पिंपातलं," जोतीराम म्हणाला. "आपल्या वसाहतीच्या बोअरचं."

"घरी पण तेच घालता?"

"पिण्यापुरतं नळाचं. बाकी सगळं बोअरचं," तीन-चार बायका म्हणाल्या.

"या अल्ला! आमच्याकडं नळाचंच पानी. बोअरच्या पान्याला डाळ शिजती का कधी? उसमें तो साबन को फेस नहीं आता!"

साबणाला फेस येत नाही, ही तक्रारही गेले तीन-चार महिने भांडाराकडंच येत होती. दोन बायका हातातल्या पिशवीत परत करायला आणलेल्या वड्या हळूच खाली दडपू लागल्या. मग कुणीतरी, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, विचारलं, "पण बोअर मारायला कुणी लावला?"

विचारायची गरज नव्हती. मे महिन्यात वसाहतीतल्या बायकांना घेऊन, रिकामी घागर बडवत, पुढाऱ्याच्या दारात ठाण मांडून बसलेली चंद्रव्वाच होती. मशीन आली तेव्हा नारळही तिनंच फोडला होता. सगळी सभा वळून नव्या अध्यक्षांकडं पाहू लागली.

चंद्रव्वानं तोंड उघडलं. कुणावर ओरडायचं ते आधी ठरेना. इतका मोठा राग आणि तो ठेवायला जागा नाही, अशी तिची गत झाली. शेवटी ती सगळ्यांवरच ओरडली.

"मग? पानी नको होतं का तुमाला? टँकरमागं पळताना एकमेकींच्या झिंज्या धरत होता, ते बरं होतं?"

ते बरं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चंद्रव्वानं दाराकडं पाहिलं. आप्पा एका पायात चप्पल घालून थांबले होते.

"आप्पा," ती म्हणाली, "या, बसा. डाळ... बरी हाय."

ते दोन शब्द तिच्या तोंडून निघायला सबंध अहवाल वाचण्याइतका त्रास झाला, हे सगळ्यांना दिसलं. बजाबाईनं फळीवरची कडक भाकरीची पाकिटं आणि शेंगाचटणी खाली ओढली. कागदाच्या द्रोणात डाळ वाढली गेली. आप्पांनी बऱ्याच महिन्यांनी अख्खी डाळ खाल्ली. खाताना ते कुणाकडंच बघत नव्हते, बायकोकडं तर नाहीच.

"गाळा कुनाला देयाचा न्हाय," चंद्रव्वा जेवता जेवता म्हणाली. "डाळीपुरतं नळाचं पानी ठेवा म्हनून पाटी लावू. आन् आप्पा, ह्या किल्ल्या घ्या तुमच्या."

आप्पांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. "छे छे. सभेचा ठराव झालाय. सभा सर्वोच्च असते. मी आता साधा सभासद."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रव्वानं शटर वर केलं, तर पहिलं गिऱ्हाईक पायरीवर उभंच होतं. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस आणि हातात पिशवी. आप्पांनी अर्धा किलो रवा घेतला, तिथंच पुडा फोडला, तळहातावर पसरला आणि उजेडात धरला.

"यात कचरा आहे," ते म्हणाले.

"आप्पा, तो रवा तुमीच आनलाय की गेल्या म्हयन्यात!"

"आणला असेल त्या वेळच्या अध्यक्षानं! मला काय करायचंय?" आप्पांनी काउंटरवर मूठ आपटली. "मी सभासद आहे! लोकांनी हे खायचं का? कुठं आहे व्यवस्थापक? बोलवा त्याला! काय चाललंय काय या भांडारात?"

रस्त्यावरची चार माणसं थांबली. चंद्रव्वानं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि जोतीरामला हाक मारली. आप्पांचा आवाज चढत गेला, मान ताठ झाली, गालांवर लाली आली. इतके तजेलदार ते गिरणीत असतानाही कुणाला दिसले नव्हते.

आप्पांची बायको नंतर सांगत होती, त्या दिवशी घरी येऊन ते पोटभर जेवले, गाढ झोपले, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा पिशवी घेऊन निघाले. कुठं चाललात, विचारलं तर म्हणाले, "चहापत्ती बघायची राहिलीय."